बाटलीचा सदरा

परवा रात्री भाचीचा फोन आला. आठवीत आहे. शाळेत प्लॅस्टिकवर काहीतरी प्रकल्प दिलाय आणि तो अर्थातच दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

"मावशी, तू बाटल्यांच्या कंपनीत होतीस ना? मग सांग, बाटलीच्या बुडाला त्रिकोणात १ लिहिलेलं असतं, म्हणजे ती रिसायकल होते ना?"

"होते," म्हटलं.

"आणि शांपूच्या पुडीवर ७ आहे. ती पण होते?"

"नाही. म्हणजे, जवळजवळ नाहीच."

"मग तिच्यावर बाण कशाला काढलेत?"

मी "उद्या सांगते" म्हणून फोन ठेवला. तिने प्रकल्पात काय लिहिलं कोण जाणे, पण मला काही झोप लागली नाही. घरच्या मंडळींना मी "बाटल्यांच्या कंपनीत" होते एवढंच माहीत आहे. बाटल्या आम्ही बनवत नव्हतो, विकत घेत होतो. पण कुठली बाटली, कुठलं झाकण, कुठलं लेबल हे ठरवणाऱ्या विभागात माझी बावीस वर्षं गेली. त्यामुळे हा प्रश्न मला जरा जास्तच लागतो. म्हणून उत्तर इथे सविस्तर लिहून ठेवतेय. त्यात माझीही एक गोष्ट आहे, ती ओघात येईलच.

तर सुरुवात बाटलीपासून नाही, शर्टापासून करायला हवी. आपल्या आजोबांच्या पिढीला टेरिलीनच्या शर्टाचं काय अप्रूप होतं ते आठवतंय का? इस्त्री लागत नाही, धुतला की तासाभरात वाळतो! ते टेरिलीन १९४१ साली इंग्लंडात व्हिन्फील्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधलं. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये, म्हणजे कापड छापणाऱ्यांच्या संस्थेत ते काम करत होते. त्या पदार्थाचं लांबलचक नाव पॉलिएथिलिन टेरेफ्थॅलेट. त्याचंच पुढे झालं पेट. म्हणजे आज पाण्याच्या बाटलीला आपण जे पेट म्हणतो ते आणि आजोबांचा तो शर्ट, मुळात एकच वस्तू.

शर्टाची बाटली करणारा माणूस म्हणजे नॅथॅनिएल वायथ. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत इंजिनिअर. घराणं चित्रकारांचं, वडील एन. सी. वायथ प्रसिद्ध चित्रकार, धाकटा भाऊ अँड्र्यू वायथ तर त्याहून प्रसिद्ध. हा एकटा यंत्रांच्या वाटेला गेला. सोड्याच्या पेयासाठी प्लॅस्टिकची बाटली का नाही, असा प्रश्न त्याला पडला. त्याने घरी साबणाच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत जिंजर एल भरलं आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी बघतो तर बाटली टम्म फुगून दोन कप्प्यांच्या मध्ये अडकून बसलेली!

त्यावर त्याने काढलेला उपाय मूळचा धाग्याचाच. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा धागा ओढून ताणला की आतले लांब रेणू एका दिशेला लागतात आणि धागा मजबूत होतो. वायथने बाटली उभी आणि आडवी अशी दोन्ही बाजूंनी ताणत फुगवली. पातळ, काचेसारखी पारदर्शक, आणि गॅसचा दाब सहन करणारी बाटली तयार झाली. पेटंट मिळालं १९७३ साली. १९७०चं दशक संपता संपता अमेरिकेत दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या दुकानांत दिसू लागल्या होत्या.

आता गंमत बघा. आतून दाब असला की गोल बूड सगळ्यात बळकट. म्हणून त्या पहिल्या मोठ्या बाटल्यांचं बूड घागरीसारखं गोल होतं. पण गोल बुडाची बाटली दुकानात उभी कशी राहणार? आपल्याकडे घागरीखाली चुंबळ ठेवतात, तशी त्यांनी बाटलीच्या बुडाला प्लॅस्टिकची एक वाटी चिकटवली. बहुधा काळी. ही वाटी वेगळ्या प्लॅस्टिकची, एचडीपीईची. म्हणजे आपल्या बादल्या आणि तेलाचे कॅन ज्याचे असतात त्याची. ती चिकटवायला गोंद. वर झाकण अ‍ॅल्युमिनियमचं. अंगावर लेबल, त्याचा पुन्हा गोंद. एका बाटलीत किती पदार्थ झाले मोजा.

बाटली रिकामी झाल्यावर तिचं पुढे काय, हे तेव्हाच्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. ड्रॉइंग काढणाऱ्याला बाटली भरण्याच्या यंत्रावर चालली पाहिजे, ट्रकमध्ये फुटता कामा नये आणि स्वस्त पडली पाहिजे. तिथे त्याचं काम संपतं. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. मी स्वतः ते काम केलंय.

पण बाटल्या परत यायला लागल्या. ओरेगन राज्याने १९७१ साली कायदा करून बाटली-डब्यांवर अनामत रक्कम लावली होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मिशिगन, न्यूयॉर्क वगैरे राज्यांनीही लावली. रिकामी बाटली दुकानात दिली की पैसे परत. आपल्याकडे काचेच्या सोड्याच्या बाटलीवर डिपॉझिट असायचं तसंच. त्यामुळे एका जागी ढिगाने पेट गोळा होऊ लागलं आणि त्याचं काहीतरी करणं भाग पडलं. १९७०च्या दशकाच्या शेवटापासून हे पेट दळून त्याचा पुन्हा धागा काढायचे कारखाने निघाले. शर्टाची बाटली झाली होती, आता बाटलीचा पुन्हा शर्ट.

हे दळण कसं होतं ते सांगते, कारण सगळी गोम तिथे आहे. बाटल्यांचा बारीक चुरा करतात. या चुऱ्याला धंद्यात फ्लेक्स म्हणतात (चौकातले वाढदिवसाचे नव्हेत). तो गरम पाण्यात, कॉस्टिक सोड्यात धुतात. मग पाण्याच्या टाकीत सोडतात. पेट पाण्यापेक्षा जड, त्याची घनता १.३८ च्या आसपास, ते बुडतं. एचडीपीईची वाटी आणि पॉलिप्रॉपिलिनचं झाकण पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. वर तरंगणारं काढून घ्यायचं, खालचं वेगळं करायचं. तांदूळ धुताना कोंडा वर येतो ना, अगदी तसंच. इतकी साधी युक्ती, आणि आजही जगभर हीच चालते.

म्हणजे त्या काळ्या वाटीचा त्रास वाटीपेक्षा तिच्या गोंदाचा जास्त. गोंद पेटला चिकटून राहायचा आणि पुढे वितळवताना काळा-पिवळा पडायचा. अ‍ॅल्युमिनियमही पेटबरोबर तळाला जायचं, ते काढायला आणखी वेगळं यंत्र. दळणारे तक्रार करत होतेच.

पुढे ती वाटी गेली. एकाच साच्यात पाच पाकळ्यांचं बूड काढता येऊ लागलं. कुठलीही कोल्ड्रिंकची बाटली उलटी करून बघा, पाच पायांवर उभी असते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाट्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या. झाकणंही प्लॅस्टिकची झाली. पण त्याचं श्रेय दळणाऱ्यांच्या तक्रारीला फारसं जात नाही. वाटी गेली की तिचं प्लॅस्टिक वाचतं, गोंद वाचतो, चिकटवायचं यंत्र वाचतं. बाटली स्वस्त पडत होती म्हणून सुधारली. दळणाऱ्यांचं भलं झालं ते ओघाने. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता भाचीचा त्रिकोण. एकमेकांमागे धावणाऱ्या तीन बाणांचं चिन्ह १९७० सालचं. पहिला वसुंधरा दिन झाला त्याच वर्षी शिकागोच्या एका पुठ्ठा-खोके कंपनीने विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा ठेवली होती. ती जिंकली गॅरी अँडरसन नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलाने. त्याचं चिन्ह मुळात कागदासाठी होतं. चिन्ह सगळ्यांना वापरायला खुलं राहिलं.

१९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उत्पादकांच्या संघटनेने ते बाण घेतले, जरा सपाट केले आणि मध्ये आकडा घातला. १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई (आपली दुधाची पिशवी), ५ पॉलिप्रॉपिलिन, ६ पॉलिस्टायरीन म्हणजे थर्माकोलवालं, आणि ७ म्हणजे "इतर सगळं". हेतू चांगलाच होता. वर्गीकरण करणाऱ्याला हातातली वस्तू कशाची आहे ते कळावं. आकडा एवढंच सांगतो, ही कशाची आहे. पुढे हिचं काही होईल का, याबद्दल तो काहीही बोलत नाही.

पण बाण बोलतात ना! अमेरिकेतल्या तीसहून जास्त राज्यांनी हे चिन्ह डब्या-बाटल्यांवर सक्तीचं केलं, ते जगभर पसरलं, आपल्याकडेही आलं. आणि लोकांनी त्याचा सरळ अर्थ घेतला तो भाचीने घेतला तोच. बाण आहेत म्हणजे हे परत येतं. मग सातवर बाण असले काय आणि एकवर असले काय. शेवटी २०१३ साली मानकं ठरवणाऱ्या एएसटीएम या संस्थेने बाण काढून नुसता भरीव त्रिकोण ठेवायचं ठरवलं. पण साचे एकदा बनले की वर्षानुवर्षं चालतात. बाण अजून आहेत. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली तर कायदाच केला की जे खरोखर गोळा होऊन पुन्हा वापरलं जात नाही त्यावर हे बाण छापायचे नाहीत.

म्हणजे भाचीच्या प्रश्नाला उत्तर इथेच झालं म्हणा ना. पण ते अर्धंच आहे. चिन्ह छापणं सोपं, वस्तू बदलणं अवघड. वस्तू बदलून दाखवली ती जपानने.

जपानमध्ये आपणहून बंधन घालून घ्यायची पद्धत बघण्यासारखी आहे. तिथे पेयांच्या कंपन्यांनी कचरा वाढेल म्हणून एक लिटरपेक्षा लहान पेटच्या बाटल्या काढायच्या नाहीत, असं आपापसात ठरवलं होतं. १९९६ साली हे बंधन उठलं आणि अर्ध्या लिटरच्या बाटल्यांचा पूर आला. पण त्याआधीच, १९९२ साली, बाटली कशी असावी याचे नियम त्या धंद्याने स्वतःच लिहून काढले होते. बुडाची वेगळी वाटी नको. झाकण अ‍ॅल्युमिनियमचं नको. लेबल असं हवं की घरातल्या माणसाला हाताने काढता येईल. १९९५ साली डबे-बाटल्यांच्या पुनर्वापराचा कायदा झाला, पेटच्या बाटल्यांना तो १९९७ पासून लागू झाला. आणि २००१ साली एक पाऊल पुढे जाऊन त्यांनी रंगीत बाटल्याही बंद केल्या. बाटली बिनरंगाची, जो काय रंग-रूप दाखवायचंय ते लेबलवर.

रंगाचं एवढं काय, असं वाटेल. दळलेल्या पारदर्शक पेटची पुन्हा काहीही वस्तू होते. बाटलीसुद्धा. हिरवं पेट एकदा मिसळलं की त्यातून फार तर गडद धागा, गालिचा, पट्ट्या. रंग घालता येतो, काढता येत नाही. हळदीचा डाग पडलेल्या ओढणीला विचारा.

जपानी बाटलीच्या लेबलवर बारीक छिद्रांची एक उभी रेघ असते. तिकिटाला असते तशी. तिथे नख लावून ओढलं की लेबल सर्रकन सुटतं. झाकण एका पेटीत, लेबल दुसऱ्या, बाटली खंगाळून तिसऱ्या. कुणी म्हणेल जपानी माणूस शिस्तीचा. असेल. पण ती छिद्रांची रेघ कुणीतरी ड्रॉइंगमध्ये आधी काढली, म्हणून त्या शिस्तीला करायला काही उरलं. २०२३ च्या आकड्यांप्रमाणे जपानमधल्या ८५ टक्क्यांच्या आसपास पेट बाटल्या पुन्हा वापरात आल्या. जिथे ही बाटली जन्मली त्या अमेरिकेत त्याच सुमाराला गोळा होणाऱ्याच जेमतेम एक तृतीयांश होत्या.

आता माझी गोष्ट.

साल २००४. आमच्या कंपनीने एक नवं पेय काढलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यात कंपनीपेक्षा माझाच हात जास्त. बाटली कमरेशी बारीक, खांद्याशी गोल, दिसायला फार देखणी. अशा वळणदार अंगावर साधं लेबल बसत नाही, सुरकुत्या पडतात. मार्केटिंगवाल्यांना तर नखशिखांत छपाई हवी होती. मी श्रिंक स्लीव्ह सुचवली. म्हणजे छापलेल्या फिल्मची नळी बाटलीवर चढवायची आणि वाफेच्या बोगद्यातून न्यायची. फिल्म आक्रसते आणि बाटलीच्या अंगाला घट्ट बसते. फिल्म पीव्हीसीची घेतली. स्वस्त, आक्रसते छान, आणि तेव्हा सहज मिळायची.

चाचण्यांची यादी दोन पानी होती. शाई पुसली जाते का, बाटली पाडल्यावर स्लीव्ह फाटते का, चाळीस अंशाला महिनाभर ठेवल्यावर रंग उडतो का. सगळ्यांत पास. माझी सही आहे त्यावर. पेय पिऊन झाल्यावर काय, ही चाचणी यादीत नव्हती, आणि ती नाही हे मला जाणवलंही नाही.

२०११ साली केंद्र सरकारचे प्लॅस्टिक कचऱ्याचे नवे नियम आले. माल विकणाऱ्याचीही कचऱ्याबाबत काही जबाबदारी आहे, ही भाषा त्यात पहिल्यांदा आली. "जरा काय प्रकार असतो बघून या," म्हणून मला पुण्याजवळच्या एका भंगाराच्या गोदामात पाठवलं. पत्र्याची शेड, दुपारची वेळ. पाच-सहा बायका जमिनीवर बसून बाटल्या निवडत होत्या. झाकण इकडे, बाटली तिकडे, हात इतके भरभर चालत होते की बघत राहावं.

एकीच्या शेजारी वेगळा ढीग होता. माझ्या बाटल्या! सात वर्षांनंतरही लांबून ओळखल्या. ती एकेक बाटली मांडीत धरून ब्लेडने वरची फिल्म उभी चिरून सोलत होती. बोटाला चिंधी बांधलेली.

मी विचारलं, "मावशी, ह्या वेगळ्या का काढल्या?"

"ह्या सदरेवाल्या. एकीचा सदरा काढंपर्यंत साध्या चार-पाच होत्यात बघा ताई. किलोवर मजुरी हाय आमची."

"आणि नाही काढला तर?"

"मग शेठ समदं पोतंच बाजूला टाकतो. पुढचा घेत न्हाय."

पुढचा का घेत नाही ते मला माहीत होतं, म्हणजे पुस्तकात वाचलेलं होतं. पीव्हीसीची घनता पेटच्या अगदी जवळ. पाण्याच्या टाकीत दोन्ही बुडतात, ती तांदळाची युक्ती चालतच नाही. आणि पेट वितळायला जी उष्णता लागते तिच्यात पीव्हीसी जळतं, त्यातून आम्ल सुटतं. टनामागे शंभर-दीडशे ग्रॅम पीव्हीसी गेलं तरी सगळं पेट पिवळं पडतं, त्यात काळे ठिपके येतात. म्हणून तिला एकही सदरा चुकवून चालत नव्हतं.

तिने सोललेली बाटली उजेडात धरली. "आतली बाटली चांगली हाय. मग वरनं ह्ये कशापायी घालत्यात?"

"दिसायला," मी म्हटलं.

"दिसायला व्हय," ती हसली आणि पुढची बाटली मांडीत घेतली. मी त्या कंपनीची आहे हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. आजही ते खुपतं.

परत येऊन मी टिपण लिहिलं. अर्ध्या उंचीचं साधं पॉलिप्रॉपिलिनचं लेबल लावू, ते तरंगतं, शिवाय हाताने निघतं. टिपण फायलीत गेलं. दीड वर्षाने फिल्मचे भाव चढले तेव्हा खरेदी विभागाने विचारलं, लेबल लहान करता येईल का? फायलीतून टिपण निघालं आणि महिन्याभरात सदरा गेला. म्हणजे काळ्या वाटीचंच पुन्हा झालं. बाटली सुधारली, पण त्या बाईच्या बोटांमुळे नाही आणि माझ्या टिपणामुळेही नाही. बाटलीमागे काही पैसे वाचले म्हणून.

याचा मी पुढे बराच विचार केला. वस्तू बनवणाऱ्याच्या टेबलावर सगळे खर्च मांडलेले असतात. सोलायचा खर्च तेवढा नसतो, कारण तो दुसऱ्याच कुणाच्या तरी मांडीवर पडतो. तो परत टेबलावर आला तरच ड्रॉइंग बदलतं. कधी तो बाजारभावाने येतो, कधी जपानसारखा आपापसातल्या कराराने. नाहीतर कायद्याने आणावा लागतो.

आपल्याकडे तो भावानेच कळतो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे तिच्यातूनच "स्वच्छ" ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. या बायकांना कुठलं प्लॅस्टिक परत वापरात येतं हे त्रिकोण बघून ठरवावं लागत नाही. वाकून उचलण्याइतकं मोल त्यात आहे का, एवढंच त्या बघतात.

मी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनं करून बघितली. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी तीनेक ग्रॅम. साडेतीनशे पिशव्यांचा एक किलो. पण ती एकाच प्लॅस्टिकची, धुऊन वाळवली की रद्दीवाला पैसे देतो. पिढ्यान् पिढ्या आपल्या बायका ओट्यावरच्या फरशीला पिशव्या चिकटवून वाळवत आल्यात त्या काही उगीच नाही. पॅकेजिंगमधली माणसं परदेशी उदाहरणं देतात, पण माझ्या मते दुधाची साधी पिशवी हे आपल्याकडचं उत्तम डिझाइन आहे. एक पदार्थ, गोंद नाही, झाकण नाही.

याउलट शांपूची पुडी. तमिळनाडूत सुरू झालेली ही कल्पना, १९८३ साली कडलूरहून निघालेल्या चिकने गावोगाव पोचवली. एक रुपयाच्या आत शांपू, गरिबाला परवडणारा! कल्पना म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही. पण पुडीत दोन-तीन वेगवेगळे थर एकमेकांना कायमचे चिकटवलेले. छपाईला एक, हवा-ओल अडवायला दुसरा, बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा, आणि तोंड बंद करायला तिसरा. ते पुन्हा सुटे होत नाहीत. वजन ग्रॅमभरही भरत नाही. म्हणजे किलोला हजारावर पुड्या, आणि त्या किलोला गिऱ्हाईक नाही. कोण वाकणार?

कायद्याने प्रयत्न केले नाहीत असं नाही. पिशव्यांच्या जाडीचा नियम हा त्यातलाच. १९९९ साली किमान २० मायक्रॉन, २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०. महाराष्ट्राने २००५ च्या २६ जुलैनंतर, मुंबईची गटारं पिशव्यांनी तुंबलेली पाहून, ५०ची मर्यादा बाकी देशाच्या आधीच घातली. २०२१ साली देशभर ७५ आणि २०२२च्या अखेरीपासून १२०. लोक विचारतात, जाड पिशवी म्हणजे जास्त प्लॅस्टिक, यात काय शहाणपण? शहाणपण हेच की जाड पिशवी उचलायला परवडते. गुटख्याच्या प्लॅस्टिक पुड्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०११ पासून बंद झाल्या.

थरांच्या पुड्यांचंही २०१६ च्या नियमांत ठरलं होतं. ज्या पुन्हा वापरता येत नाहीत त्या दोन वर्षांत बंद करायच्या. पण २०१८ साली त्या वाक्यात दुरुस्ती झाली. "पुन्हा वापरता न येणाऱ्या" याला जोडून "किंवा ऊर्जा मिळवता न येणाऱ्या, किंवा दुसरा काही उपयोग नसलेल्या" अशा अर्थाचे शब्द आले. आता जाळून उष्णता तर कुठल्याही प्लॅस्टिकची मिळते. दोन-चार शब्दांनी पुडी वाचली.

नाही म्हणायला गेल्या काही वर्षांत वारं थोडं फिरलंय. १९६१ पासून हिरव्या बाटलीत मिळणाऱ्या स्प्राइटने २०२२ साली अमेरिकेत हिरवी पेट बाटली सोडून बिनरंगी घेतली. जपानने एकवीस वर्षं आधी केलं तेच. युरोपात जुलै २०२४ पासून पेयाच्या बाटलीचं झाकण बाटलीला जोडलेलंच राहिलं पाहिजे असा नियम लागू झाला. लोकांनी खूप चेष्टा केली, नाकाला टोचतं म्हणे. मला मात्र आपल्या दुधाच्या पिशवीचा कोपरा आठवला. तो पूर्ण कापून टाकला की तो तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. अर्धवट कापून लोंबता ठेवला की पिशवीबरोबर परत जातो. आणि आपल्याकडे २०२२ च्या नियमांत ठरलं की कडक प्लॅस्टिकच्या वेष्टनात २०२५-२६ पासून ३० टक्के पुन्हा वापरलेलं प्लॅस्टिक असावं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण मग बाटली विकणाऱ्यालाच जुनी, स्वच्छ, बिनसदऱ्याची बाटली परत हवीशी होईल. सोलायचा खर्च फिरून त्याच्या टेबलावर येईल. निदान कागदावर तरी.

असो. काल भाचीला फोन केला. म्हटलं, आकडा फक्त जात सांगतो, पुढचं नशीब नाही. तुझ्या हातात वस्तू आली की एवढंच बघ, ही किती पदार्थांची आहे, आणि ते तुला स्वतःला हाताने सुटे करता येतात का. तुला जमत नसेल तर पुढे कुणाला तरी ब्लेड घेऊन बसावं लागणार आहे.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, ते मी आधीच दिलं गं प्रोजेक्ट. पण तुझी ती बाटली अजून मिळते का?"

"मिळते," म्हटलं. "आता बिनसदऱ्याची."